वालधुनीचा मासा कोणत्या खात्यात?

बुवापाडा हे नाव ऐकले की बाहेरच्या माणसाला झाडाझुडपांतली दहा-वीस घरांची वस्ती आठवते. पाडा म्हणजे तेच. पण अंबरनाथचा बुवापाडा आता शहराचा भाग आहे. चाळी, अरुंद बोळ, सकाळी लोकल गाठायला धावणारी माणसे, संध्याकाळी हातगाडीवरची मासळी. या मासळीत पापलेट-बांगडा समुद्राचा असतो, रोहू-कटला तळ्याचा असतो. वालधुनीचा मासा मात्र त्यात नसतो. आपल्या शहरातून वाहणाऱ्या नदीचा मासा आपल्याच बाजारात का नाही, हा प्रश्न आता कुणी विचारत नाही, कारण उत्तर नाकालाच कळते.

अंबरनाथच्या मोऱ्यांचे आणि गटारांचे पाणी शेवटी दोनच ठिकाणी जाते, वालधुनीत किंवा उल्हासात. वालधुनीही पुढे कल्याणजवळ उल्हासच्या खाडीलाच मिळते. म्हणजे आपल्या न्हाणीघरातून निघालेले पाणी कोणत्या ना कोणत्या वाटेने उल्हासला पोहोचते. ही वाट एकदा तरी डोळ्यांनी पाहावी. मुलांना सुट्टीत कुठे न्यावे असा प्रश्न पडणाऱ्या आईबापांनी तर नक्की पाहावी. त्यासाठी नदीच्या उगमाकडे, म्हणजे काकोळे गावाकडे निघावे लागते.

हाजी मलंगच्या उरुसाला जाणाऱ्यांना मलंगगडाची डोंगररांग परिचयाची आहे. त्याच बाजूच्या डोंगरांत वालधुनीचा जन्म होतो. काकोळे गावाजवळ तिचे पाणी एका जुन्या बंधाऱ्याने अडवले आहे. लोक त्याला 'जीआयपी टँक' म्हणतात. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली याच कंपनीने धाववली आणि तीन वर्षांत तिचे रूळ कल्याणवरून खोपोलीपर्यंत पोहोचले. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणीही लागते, म्हणून रेल्वेने तळी बांधली. वाफेची इंजिने गेली, तळे राहिले. आज याच तळ्याच्या पाण्यावर 'रेल नीर'च्या बाटल्या भरल्या जातात आणि फलाटावर आपण त्या पैसे देऊन विकत घेतो.

इथे क्षणभर थांबावे. पावसाळ्यानंतर तळ्याच्या काठी उभे राहिले की पाण्यात डोंगराची सावली दिसते, खंड्या सूर मारतो, काठाच्या उथळ पाण्यात बोटभर मासे थव्याने फिरतात. नदीचे नाव वालधुनीच आहे. पाणी शुद्ध करून बाटलीत भरण्याजोगे आहे. आणि इथून काही किलोमीटर खाली हीच नदी अशी होते की तिच्यावरच्या पुलावरून जाताना आपण रुमाल नाकाला लावतो. एवढ्या थोड्या अंतरात एवढा बदल निसर्ग करत नाही.

खाली उतरत आलो की नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लागून वाहते. शिलाहारांच्या काळातले हे मंदिर, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख त्यात आहे. साडेनऊशे वर्षांपूर्वी ज्यांनी ही जागा निवडली, त्यांनी वाहते पाणी पाहूनच निवडली असणार. पन्नाशी-साठी ओलांडलेले इथले रहिवासी, हिंदू असोत की मुसलमान, सांगतात की लहानपणी या नदीत पोहणे होत असे, कपडे धुणे होत असे आणि पहिल्या पावसात मासे पकडणेही होत असे. म्हणजे नदी बिघडली ती फार पूर्वी नव्हे, एका माणसाच्या आयुष्याच्या आत बिघडली.

पुढे औद्योगिक वसाहती, मग उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. त्या छावणीचे गाव झाले आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले, उल्हास नदीवरून. नदीचे नाव लावणाऱ्या या शहरातून वालधुनी मात्र नाला होऊन जाते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका रात्री टँकरने आणलेले रसायन वालधुनीत सोडले गेले. पहाटेपर्यंत काठच्या वस्तीत वायू पसरला. खोकला, उलट्या, डोळ्यांची जळजळ यांनी हैराण झालेल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. नदीत तेव्हा मरायला मासा उरला नव्हता. विषाची बातमी माणसांच्या छातीने दिली. पूर्वी हे काम मासे करत. पाण्यात काही वाईट आले की आधी मासा उलटा तरंगायचा आणि काठचा माणूस सावध व्हायचा. मासा गेला की तो पहाराही गेला.

मग या माशाचा वाली कोण? सरकारात शोधायला गेलो तर एक नाही, अनेक दारे सापडतात.

राज्यघटनेत मत्स्यव्यवसाय हा राज्यांच्या सूचीतला विषय आहे. फक्त सागरी हद्दीपलीकडची मासेमारी केंद्राकडे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या विषयांची जी यादी केली, तिच्यातही मत्स्यव्यवसाय आहे. राज्यात मत्स्यव्यवसाय आयुक्तांचे खाते आहे, जिल्ह्याला सहायक आयुक्त असतात. हे खाते मत्स्यबीज तयार करते, तलाव आणि धरणांचे जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देते, जाळी आणि होड्यांसाठी अनुदान देते. पण नदीतले पाणी या खात्याचे नाही. पाणी किती आणि कुठे अडवायचे ते जलसंपदा विभाग ठरवतो, कारखान्यांसाठी औद्योगिक विकास महामंडळ, पिण्यासाठी जीवन प्राधिकरण आणि महापालिका. पाणी घाण झाले तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. सांडपाणी नगरपालिकेचे. काठची जमीन महसूल खात्याची. तळे रेल्वेचे. मासा मात्र या सगळ्यांच्या हद्दीतून पोहत जातो. त्याला कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा ते ठाऊक नाही.

कायदे नाहीत असेही नाही. इंग्रजांनी १८९७ साली मत्स्य कायदा केला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष, चुना टाकून मासे मारणे हा त्यात गुन्हा ठरवला आणि त्याला दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड लावला. त्या काळी दोनशे रुपये ही लहान रक्कम नव्हती. पण कायद्यात एक अट होती: विष मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने टाकलेले असावे. ओढ्यात चुना टाकणारा गरीब माणूस त्यात सापडे. ज्याच्या मोरीतून नदीत विष जाते पण ज्याला माशाशी काही घेणेदेणे नाही, तो सुटे. हेतूची ही पळवाट बंद व्हायला बराच काळ गेला. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. देशाचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. नदी-नाल्यात जाणूनबुजून विषारी किंवा घाण द्रव्य जाऊ देणे, मग हेतू काहीही असो, या कायद्याने मना केले.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार वर्ग पाडले आहेत. त्यातला एक वर्ग खास वन्यजीव आणि मासे यांच्यासाठी आहे. त्याची अट अशी की एक लिटर पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असावा, आम्ल-अल्कतेचा आकडा साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान असावा आणि मोकळा अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. या तीन आकड्यांत माशाचे सगळे घर आले. सांडपाणी नदीत आले की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. कारखान्याचे पाणी आले की आम्ल वाढते किंवा अल्क. मैल्याबरोबर अमोनिया येतो. मासा पाण्यात बुडूनही गुदमरतो. उन्हाळ्यात पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये मासे आधी मरतात.

आकडे कागदावर आहेत, नदीत नाहीत. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यातले ५३, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त, आपल्या महाराष्ट्रातले होते. उल्हास आणि वालधुनीसाठी 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१५ साली लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्था यांच्यावर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांची जबाबदारी टाकली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी, २०१५ च्या फेब्रुवारीत, राज्य सरकारने नदी नियमन क्षेत्राचे धोरण रद्द केले. नदीपासून किती अंतरावर कोणता कारखाना चालेल हे ठरवणारे ते धोरण होते. एका हाताने दंड आणि दुसऱ्या हाताने कुंपण काढणे, असे हे वर्ष गेले.

आता माशाच्या पैदाशीकडे वळू, कारण सरकार मासे वाढवते म्हणजे काय करते ते घरोघरी कळले पाहिजे.

रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण त्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी बंगालमध्ये पुराच्या दिवसांत नदीतून पिल्ले गोळा करत आणि हंड्यांतून दूरदूर नेत. त्यात कोणत्या जातीची पिल्ले आली ते कळत नसे, वाटेत निम्मी मरत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांना माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची पैदास करण्यात यश आले. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी १० जुलैला देशात मत्स्यशेतकरी दिन पाळतात. त्या टोचणीने भारताच्या तळ्यांचे चित्र पालटले. आज मत्स्यबीज केंद्रात गोल हौद असतात. त्यात पाणी चक्राकार फिरवत ठेवतात, म्हणजे माशाला वाटावे की नदीला पूर आला आहे. नर-मादी टोचून हौदात सोडतात. रात्रीत अंडी पडतात, दिवसाच्या आत फुटतात. तीन दिवसांच्या पिल्लाला 'जिरे' म्हणतात, कारण ते दिसतेच तसे. पुढे मत्स्यबीज, मग अर्धबोटुकली आणि बोटाएवढे झाले की बोटुकली. ही बोटुकली तलावात सोडायची. एक किलोच्या रोहूच्या मादीत दोन लाखांच्या आसपास अंडी असतात, त्यामुळे आकडे भराभर लाखांत आणि कोटींत जातात.

हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. गरिबाच्या ताटात स्वस्त मासळी येते ती याच हौदांमुळे. आपल्या मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथे शिकलेली मुले-मुली देशभर हेच काम करतात. ज्या घरांत दहावी-बारावीनंतर काय, ही चर्चा चालू आहे, त्यांनी हा रस्ताही ध्यानात ठेवावा. २०१९ साली केंद्रात मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय यांचे वेगळे मंत्रालय झाले. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, वीस हजार कोटींहून अधिक रकमेची. तिच्यात नद्यांमध्ये बोटुकली सोडण्याचाही कार्यक्रम आहे. नदीत बोटुकली सोडताना फोटो निघतो, आकडा छापून येतो. पण सोडलेल्या बोटुकलीला उद्या सकाळी ४ मिलिग्रॅम प्राणवायू मिळणार का, हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा असतो.

हौद नदीची नक्कल करतो. नक्कल कितीही चांगली असली तरी अस्सल वस्तूची जागा घेत नाही. याचा एक धडा आपल्या शेजारीच आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीर माशाची पैदास चालवली आहे. महाशीर म्हणजे सह्याद्रीच्या नद्यांचा मोठ्या खवल्यांचा मासा, स्वच्छ आणि वाहते पाणीच मागणारा. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा या कामात मोठा वाटा होता. इथल्या बोटुकल्या अनेक राज्यांत गेल्या. हा मासा पूर्वी धोक्यातल्या जातींत मोजला जात असे, आता आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव त्या धोक्यातून बाहेर आले आहे. ही आनंदाची बाजू. दुसरी बाजू कावेरीची. इथल्याच जातीचे मासे कावेरीत सोडले गेले. तिथे स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला महाशीर होता, जगात इतरत्र नसलेला. पाहुणा फोफावला, घरचा मासा मागे पडला आणि २०१८ मध्ये तो अतिधोक्यातला म्हणून नोंदला गेला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग हीही कारणे त्यामागे आहेत. पण चांगल्या हेतूने सोडलेली बोटुकलीही दुसऱ्याचे घर मोडू शकते, हे त्यातून कळले.

महाशीर नैसर्गिकरीत्या टिकला तो कुठे? वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे, महाडजवळ वाळणकोंडीत. या देवस्थानांच्या डोहांत मासा पकडायचा नाही असा लोकांचाच नियम आहे. तिथे ना हौद, ना टोचणी. लोकांनी फक्त डोह राखला. माणसांची श्रद्धा वेगवेगळी असेल, पण पाणी ही आपल्याजवळ ठेवलेली अमानत आहे आणि तिच्यात खयानत करायची नाही, हे आपल्या घरांतही शिकवले जाते. वाहत्या पाण्याच्या काठीही वजूला पाणी जपून वापरावे असे मुलांना सांगणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून द्यायला नको.

बुवापाड्याहून बदलापूरकडे गेले की उल्हास भेटते. तिचे पाणी अजून मरायचे आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलले पाहिजे. खंडाळा-राजमाचीच्या खोऱ्यातून निघून ती कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. कोकणातल्या कित्येक नद्या मे महिन्यात कोरड्या पडतात, उल्हास वाहत असते. त्याचे कारण घाटावर आहे. १९२२ पासून आंध्रा नदीवरच्या जलाशयाचे पाणी भिवपुरीच्या वीजघरात पडते आणि वीज करून उल्हासला मिळते. म्हणजे पूर्वेकडे जाणारे पाणी पश्चिमेला वळवले म्हणून आपले नळ चालतात. बारवी धरणाचे पाणीही याच नदीतून खाली येते. बदलापूरच्या बॅरेजवर जीवन प्राधिकरण ते उचलते, जांभूळला औद्योगिक महामंडळ, मोहन्याला आणि शहाडला पुढची शहरे. ठाणे जिल्ह्याची लाखो कुटुंबे हेच पाणी पितात. ज्या पाण्यात मासा जगतो ते पाणी शुद्ध करायला सोपे असते आणि ज्यात तो जगत नाही ते शुद्ध करायला खर्च जास्त लागतो. तो खर्च शेवटी आपल्याच बिलात येतो. मोहन्याजवळ दर उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. पाहायला सुंदर वाटतो, पण तो वर आलेल्या सांडपाण्यावरच पोसलेला असतो आणि खालच्या पाण्याचा श्वास कोंडतो.

याच उल्हासच्या खोऱ्यात वलगण होते. जून महिन्यात पहिला जोराचा पाऊस पडला, ओहोळ भरून वाहू लागले की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात. तिथल्या उथळ, कोमट, गवताच्या पाण्यात अंडी घालतात. ठाणे-रायगडात या चढणीच्या माशांची सगळे वाट पाहतात. गावोगाव रात्री बत्त्या घेऊन माणसे बांधावर जातात, पाग टाकतात, ओहोळाच्या तोंडाला जाळी लावतात. आमच्या घरांतही वलगणीच्या माशांचे कालवण झाले की शेजारी वाटी जाते. चवीला तोड नाही, कारण मासा गाभोळीने भरलेला असतो. आणि गाऱ्हाणे आहे ते इथेच. एक वाटी गाभोळी म्हणजे पुढच्या वर्षीचे हजारो मासे. पूर्वी माणसे थोडी आणि ओढे पुष्कळ होते, म्हणून पुरून उरत असे. आता एका ओहोळावर पन्नास जाळी असतात आणि काही जण मच्छरदाणीही लावतात, तिच्यातून जिरेही सुटत नाही.

तरी सगळा दोष पाग टाकणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. चढणारा मासा बंधाऱ्याला धडकतो. त्याला वर जायला पायऱ्यांची वाट ठेवलेली नसते. ओढ्याच्या दोन्ही काठांना सिमेंटची भिंत झाली की ओढ्याचे खाचराशी असलेले नातेच तुटते. खाचरावर भराव पडून इमारत उभी राहिली की अंडी घालायची जागाच जाते. पुराच्या निळ्या आणि लाल रेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. माणसाला वाचवण्यासाठी आखलेल्या या रेषांच्या आतली जमीन हीच माशांची बाळंतिणीची खोली आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना होड्यांतून काढावे लागले, ते सर्वांना आठवत असेल. नदीला पसरायला जागा ठेवली असती तर ती गाडीचे रूळ शोधत आली नसती. माशाची जागा राखली की माणसाचीही राखली जाते.

आणखी एक गोष्ट बाजारातली. थाई किंवा आफ्रिकन मांगूर म्हणून विकला जाणारा मासा पाळायला केंद्राने २००० सालीच बंदी घातली. तो कुजके मांस खाऊन झपाट्याने वाढतो, घाण पाण्यातही जगतो आणि तळ्यातून ओढ्यात निसटला की तिथली पिल्ले फस्त करतो. २०१९ मध्ये हरित लवादाने तो नष्ट करण्याचे आदेश दिले आणि ठाणे जिल्ह्यातही मत्स्यव्यवसाय खात्याने तळी रिकामी केली. स्वस्त मिळतो म्हणून आपण तो घेतला तर उद्या तो पुन्हा पाळला जाईल. हलाल कमाईने घेतलेली वस्तू स्वच्छही असावी, एवढे तर आपण पाहतोच.

जगात हे प्रश्न फक्त आपल्याकडे नाहीत. लंडनच्या थेम्स नदीला १९५७ साली तज्ज्ञांनी जीवशास्त्रीय दृष्ट्या मेलेली ठरवले होते. त्यानंतर सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे नव्याने बांधली. १९७४ साली तिच्यात सामन मासा सापडला, शतकाहून अधिक काळानंतर. हुरूप येऊन तिथल्या सरकारने वर्षानुवर्षे हौदात वाढवलेले सामन नदीत सोडले. २०११ च्या अभ्यासात मात्र आढळले की नदीत परतणारे सामन हे त्या सोडलेल्या माशांचे वंशज नव्हते. ते आसपासच्या नद्यांतून स्वतःहून आले होते. सोडलेल्या माशांनी वंश धरला नाही, पण पाणी सुधारले म्हणून शेजारचे मासे आपणहून आले. याहून मोठा पुरावा काय हवा? घर नीट करा, पाहुणा आपोआप येतो.

इथे एक अवघड बाजू आहे आणि ती झाकू नये. नदी साफ करा म्हटले की पहिला फटका हातावर पोट असलेल्यांना बसतो. उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर मागच्या दशकाच्या अखेरीस कारवाई झाली. नदीत निळे-काळे पाणी सोडले जात होते, कारवाई चुकीची नव्हती. पण त्यात काम करणारी हजारो मुले, कित्येक बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली, आपल्याच वस्त्यांत भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहणारी, एका आठवड्यात बेकार झाली. काही धंदे सरकून आसपासच्या गावांत गेले, म्हणजे पाणीही तिकडे गेले. लहान धंदेवाल्याला एकट्याने प्रक्रिया केंद्र परवडत नाही. तिथेच सरकारचे काम आहे. सामाईक केंद्र बांधणे, ते रात्रीही चालते का ते पाहणे आणि त्याचा खर्च वाटून घेणे. टाळे लावणे सोपे, केंद्र चालवणे कठीण. सोपे काम झाले, कठीण राहिले.

वालधुनी आणि उल्हास यांच्यासाठी फार मोठ्या गोष्टी मागायच्या नाहीत. मत्स्यव्यवसाय खात्याने बोटुकली सोडण्याआधी प्रदूषण मंडळाकडून त्या जागेच्या पाण्याचे आकडे घ्यावेत आणि सोडल्यानंतर वर्षाने किती जगले ते छापावे. नवा बंधारा बांधताना माशाला वाट ठेवावी. वांगणी-बदलापूरच्या पट्ट्यातले दहा-वीस ओहोळ निवडून जून-जुलैत तिथे वलगणीला मनाई करावी आणि बदल्यात त्या गावांच्या मच्छीमारांना जलाशयाच्या ठेक्यात अग्रहक्क द्यावा. काकोळ्याच्या तळ्यातून वर्षभर थोडे तरी पाणी नदीत सुटेल असे पाहावे, कारण ज्या नदीत फक्त सांडपाणीच उरते तिच्यात कोणतीही बोटुकली जगत नाही.

आपल्या हातात काय आहे? रात्री टँकर नाल्याकडे वळताना दिसला तर गाडीचा नंबर आणि वेळ लिहून प्रदूषण मंडळाच्या कल्याण कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, पोहोच घ्यावी. मोहल्ला समितीने, मशिदीच्या विश्वस्तांनी किंवा महिला मंडळाने सही केलेला अर्ज एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा लवकर हलतो. नगरसेवक मते मागायला आला की गटार कधी साफ होईल एवढेच विचारू नये, ते पाणी कुठे सोडता हेही विचारावे. घरातल्या काचपेटीतले कंटाळलेले मासे ओढ्यात सोडू नयेत. वलगणीला गेलोच तर एका वेळच्या कालवणापुरते घ्यावे, मच्छरदाणी लावू नये आणि गाभोळीने फुगलेली मादी हातात आली तर पाण्यात सोडून द्यावी. तेवढी सवय मुलांनी बापाच्या हातातून पाहिली की ती पुढे सांगावी लागत नाही.

बुवापाड्यापासून काकोळे फार लांब नाही. तिथले पाणी आजही मासा जगवते. वरून येणारे पाणी चांगले आहे म्हणजे नदी संपलेली नाही, तिला मधे अडवून बिघडवले जात आहे एवढेच. एका लिटरमध्ये ४ मिलिग्रॅम प्राणवायू, एवढाच वालधुनीच्या माशाचा हिशेब आहे. तो कोणत्याही एका खात्याने पुरा होणार नाही. पण पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावण्याआधी त्या पाण्यात आपल्या मोरीचे किती आणि कुणाच्या टँकरचे किती, हे विचारायला आपण सुरुवात केली, तर खात्यांनाही आपापली वही उघडावी लागेल.